उस्ता यदुल्लाचे दोन शतांश

बंदर अब्बास
२५ मेहेर १३७६

उस्ता बैराम यांस यदुल्लाचा सलाम.

पत्र बघून दचकू नका, कोणी मेलेलं नाही. इतकी वर्षं तबरीझच्या कारखान्यात आपण दोघांनी एकच मशीन चालवलं, रात्री मी आणि दिवसा तुम्ही. पाळी बदलताना उभ्याउभ्या जे काही बोललो तेवढीच आपली ओळख, आणि त्यातलाही निम्मा वेळ 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' यात जायचा. ना मी कधी तुमच्या घरी चहाचा पेला उचलला, ना तुम्ही माझ्या. तरी इथे आल्यावर पत्र कोणाला लिहावं असा विचार केला तेव्हा आधी मुलगा आठवला आणि मग तुम्ही. मुलाला लिहिलं. त्याने वर्कशॉपात फोन करून विचारलं, "बाबा, काही हवंय का?" म्हणून आता तुम्हाला लिहितोय.

इथे शरदातला मेहेर महिना संपत आला तरी अंगातला घामाचा सदरा पिळता येतो. राहायला वर्कशॉपमागची खोली आहे. एक खाट, एक पंखा, आणि पंखा थांबला की माशांचा वास. माझी तुर्की वळणाची फारसी ऐकून लोक हसतात आणि मला 'तुर्क' म्हणतात. प्रेमाने म्हणतात असं मी धरून चाललोय. त्यांची एकच गोष्ट मला झेपत नाही. चहा एकदाच विचारतात! आपण रीतीप्रमाणे "नको, कशाला त्रास" म्हणावं, तर "बरं" म्हणून पेला उचलून नेतात. दुसऱ्यांदा विचारणं नाही, तिसऱ्यांदा तर नावच नको. पहिला आठवडा मी चहावाचून काढला.

मालकाचं नाव हाजी खलफ. बापजाद्यांनी लाकडी गलबतं चालवली, हा जहाजांचे पंप दुरुस्त करतो. पहिल्या दिवशी मशीनच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"ड्रॉइंगवर रेघ इथे आहे," तो म्हणाला, "आणि तुझा कटर रेघ सोडून बाजूबाजूने चाललाय. घाबरतो काय रेघेला?"

"हाजी, कटरला जाडी असते. त्याचा मध्य रेघेवरून नेला तर अर्धा कटर आतला धातू खाऊन टाकेल. म्हणून मशीनला कटरचा व्यास सांगून ठेवायचा. मग ते आपणहून अर्धा व्यास लांब राहतं आणि धार बरोबर रेघेवर येते."

"आणि व्यास चुकीचा सांगितला तर?"

"तर जॉब भंगारात."

"मग चुकीचा सांगू नकोस," असं म्हणून हाजी जेवायला गेला.

आणि उस्ता, मी चुकीचा सांगतोय. धार लावली की कटर थोडा बारीक होतो, म्हणून दर वेळी मोजतो. जो आकडा येतो तो भरतो. आणि पंपाची कडी दर वेळी दोन शतांश मिलिमीटर बारीक निघते. जाड राहिली असती तर पुन्हा कापली असती. बारीक झालेली कशी फुगवणार? तबरीझला असं कधी झालं नाही. मी रात्री ओबडधोबड कापून, कटर मोजून, आकडे भरून जायचो, आणि सकाळी त्याच आकड्यांवर तुम्ही शेवटचा हात फिरवलात की जॉब कसा आरशासारखा. मायक्रोमीटर तोच आहे, हात तोच आहे.

हाजीने वर्ष संपून नवरोज लागेपर्यंत मुदत दिलीय. तोवर कड्या मापात आल्या नाहीत तर मला परत पाठवणार. परत म्हणजे कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. माझी सकीना गेल्यापासून त्या घरात मी माझ्याच खोकल्याला दचकतो. कृपा करून सांगा, काय चुकतंय?

आपला,
यदुल्ला


तबरीझ
१४ आबान

परमआदरणीय उस्ता यदुल्ला यांच्या सेवेशी, त्यांच्या पायाची धूळ बैराम याचा सलाम.

आपलं पत्र आलं आणि ते मी डोळ्यांना लावलं. आपल्यासारख्या कसबी माणसाने माझ्यासारख्याला सल्ला विचारावा, हा आपला मोठेपणा. मी काय सांगणार! तरी आपण आज्ञा केलीच आहे, तर माझी अल्पबुद्धी असं म्हणते की दोष समुद्राच्या हवेचा असावा. दमट हवेत मायक्रोमीटर कसा वागेल काही सांगता येत नाही. आपण नेहमीप्रमाणेच मोजावं, आपल्या मोजण्यात खोट काढणारा अजून जन्मायचाय. फक्त जो आकडा येईल त्यात दोन शतांश मिळवून भरावा. हवेसाठी म्हणून.

आपल्या जागी उरुमियेचे जवाद नावाचे गृहस्थ आले आहेत. वय चाळिशीचं. पहिल्या दिवशी दारात मी त्यांना "आधी आपण" म्हटलं. ते खरंच आधी गेले.

घरचं ठीक. बायको तेहरानला मुलीकडे असते. येते अधूनमधून, पण दर वेळी पिशवी आधीच्यापेक्षा लहान असते. परवा आली तेव्हा हातात नुसती पर्स होती.

आपला अंकित,
बैराम


बंदर अब्बास
५ आझर

उस्ता बैराम यांस सलाम.

तुमचे दोन शतांश मिळवले आणि पहिलीच कडी मापात आली. हाजीने ती हातात घेऊन फिरवली, कानाशी नेऊन टिचकी मारली, जणू कलिंगड आहे, आणि "हं" म्हणाला. इथे याला शाबासकी म्हणतात.

आता जरा ऐका. इथे झुबेर म्हणून फिटर आहे. काल मी मोजलेलाच कटर त्याने मोजला, त्याच टेबलावर, त्याच हवेत, माझ्याच मायक्रोमीटरने. त्याचा आकडा माझ्यापेक्षा बरोबर दोन शतांश जास्त! मी म्हटलं, "कसा मोजलास?" तर तो मागची रॅचेट फिरवत होता, ती टकटक करणारी, पुरेसा दाब आला की आपोआप घसरणारी. आपण ती कधी वापरली? रॅचेट शिकाऊंसाठी, उस्ताला बोटांनी कळतं, असं म्हणत आपली दाढी पांढरी झाली.

झुबेर म्हणाला, "चाचा, तुम्ही कटर मोजत नाही, त्याचा गळा दाबता."

सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर काय करणार. मग खोलीत येऊन मायक्रोमीटर हातात धरून बसलो. दोष हवेचा नाही, उस्ता. माझा हात जड आहे. मी इतका आवळतो की आकडा बारीक येतो.

पण मग तबरीझला जॉब बरोबर कसे निघत होते? हात तर तेव्हाही माझाच होता. बंदर अब्बासची हवा तुम्ही कधी पाहिली नाही, मग नेमके दोनच शतांश तुम्हाला कुठून सुचले? सरळ विचारतो. मी घरी गेलो की रोज सकाळी तुम्ही माझ्या आकड्यांत दोन शतांश मिळवत होतात का? हो की नाही, एवढंच लिहा. एक शब्द. पायाची धूळ वगैरे नको.

आणि एकदा या इकडे. इथला मासा खायला घालीन.

यदुल्ला


तबरीझ
५ दै

परमआदरणीय उस्ता यदुल्ला यांस.

कडी मापात आली हे वाचून मी रस्त्यात उभा राहून हसलो. रोटीवाल्याने विचारलं, "काय झालं, बायको आली का?" म्हटलं, त्याहून मोठी गोष्ट आहे.

आपण विचारलेल्या प्रश्नाबद्दल सांगायचं, तर तबरीझमध्ये काल पहिला बर्फ पडला.

कारखान्यात सगळं उत्तम. जवादसाहेब शिस्तीचे आहेत. आपलं मशीन आपली आठवण काढतं. माझी तब्येत मध्यंतरी किंचित नरम होती, आता ठणठणीत आहे.

माशाचं निमंत्रण दिलंत, आभारी आहे. आपल्या घासातला घास मी कुठे मोडायला येऊ? आपण खाल्लात की माझं पोट भरलं.

आपला अंकित,
बैराम


तबरीझ
२० दै

यदुल्ला,

मी जवाद. तुमच्या जागी रात्रपाळीला मी आहे. तुमचा पत्ता बैरामनी टपालात टाकायला दिलेल्या पाकिटावरून उतरवून घेतला. त्यांना विचारलं नाही.

मी कटर रॅचेटने मोजतो. माझे आकडे बरोबर होते. बैराम रोज सकाळी त्यांत दोन शतांश मिळवत. तुमच्या आकड्यांत मिळवायचे, ती सवय. मला सांगत नसत, माझा अपमान होईल म्हणून. जॉब जाड निघायला लागले. फोरमन मला बोलला. मला वाटलं माझंच मोजणं चुकतंय, म्हणून मी दोन शतांश कमी करून भरायला लागलो. मीही सांगितलं नाही. मी वजा करायचो, ते तेवढंच मिळवायचे, असं एकमेकांचं फिटत राहिलं. जॉब मापात आले. फोरमनने दोघांची पाठ थोपटली.

मग बैरामना ताप आला. सकाळी त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. त्याने आकड्यांना हात लावला नाही. माझे कमी केलेले आकडे तसेच चालले आणि साचा बाद झाला. मोठा साचा होता. मला काढणार होते. बैराम तापातून उठून, शाल पांघरून आले आणि फोरमनला सगळं सांगितलं.

आता ते मशीनवर नाहीत. भांडारात बसून हातमोजे आणि साबण देतात. हे ते तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

जेवायला एकटेच बसतात. मी "या" म्हटलं. ते "नको" म्हणाले. मी निघून आलो. मला या गोष्टी जमत नाहीत. पुन्हा विचारायचं असतं का?

जवाद


बंदर अब्बास
३ बहमन

उस्ता बैराम,

साबण! तबरीझमधला सगळ्यात हलक्या हाताचा माणूस साबणाच्या वड्या मोजतोय आणि मला लिहितो, बर्फ पडला! मशीन आपली आठवण काढतं! मशीनपाशी तुम्हाला उभं तरी करतात का? जवादने कळवलंय. त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्यामाझ्यासारखा सुसंस्कृत नाही, म्हणून खरं बोलतो.

आणि 'किंचित नरम'! तुम्ही 'किंचित' लिहिलंत तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुमच्या 'ठीक'मध्ये किती मिळवायचं आणि 'आभारी आहे'मधून किती वजा करायचं याचा तक्ता मला पाठवा, मी मशीनवर चिकटवतो.

आता माझं ऐका. मी रॅचेट वापरायला लागलो. पहिल्या दिवशी बायकी वाटलं, आता सवय झाली. शिवाय झुबेरचं बघून आणखी एक करतो. नुसतं मोजून थांबत नाही, आधी टाकाऊ तुकड्यावर एक घास घेऊन तो तुकडा मोजतो. कटर उभा असताना एक असतो आणि कामाला लागल्यावर एक. धातूने ढकललं की तोही थोडा वाकतो. कटरला विचारू नये, त्याने काय कापलं ते बघावं. सगळ्या कड्या मापात गेल्या. हाजीने नोकरी पक्की केली. अट एकच, नवरोजला धक्क्यावर मोठं जहाज येतंय, तेव्हा सुट्टी नाही. जो जाईल त्याने परत येऊ नये.

त्याला दिवसपाळीला माणूस हवाय. मी तुमचं नाव सांगितलं. खोलीत दुसरी खाट मावते, मी पावलांनी मोजून पाहिलं. या. इथे कोणी तुम्हाला साबण द्यायला बसवणार नाही.

यदुल्ला


तबरीझ
१८ बहमन

आदरणीय उस्ता यदुल्ला यांस.

आपण रागावलात, तो अधिकार आपला आहे.

आपला प्रश्न मी आधी हवेवर ढकलून आणि मग बर्फावर ढकलून टाळला, आता टाळत नाही. हो, मिळवत होतो. पण आपला हात पहिल्यापासून जड नव्हता. आपण कारखान्यात आलात तेव्हा आपले आकडे मी डोळे मिटून वापरायचो. आपल्या पत्नी आजारी पडल्या, त्या हिवाळ्यापासून हात जड झाला. आपण इस्पितळातून थेट पाळीवर यायचात. एका सकाळी मी लवकर पोचलो होतो, तेव्हा पाहिलं. आपण मायक्रोमीटर असा धरला होता जसा कोणी दरीच्या कड्याला धरून लोंबकळतो. त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? उस्ता, जरा सैल धरा? मी आकडा बदलला. म्हटलं, त्या बऱ्या झाल्या की हात हलका होईल. त्या बऱ्या झाल्या नाहीत. मग मीही बदलत राहिलो. सकाळी मशीनपाशी उभं राहून आधी आपले दोन शतांश घालायचे, मग चहा. बायको तेहरानला गेल्यावर, खरं सांगतो, दिवसभरात दुसऱ्या कोणासाठी काही केलं असं तेवढंच असायचं.

जवादसाहेबांना त्याची गरज नव्हती. पण बोटं ऐकेनात.

दिवसपाळीबद्दल आपण लिहिलंत, आपले उपकार. पण माझं ओझं आपण का उचलावं? खाट लावली तर आपल्याला कूस बदलायला जागा राहायची नाही. मी इथे मजेत आहे. साबणाला वास चांगला असतो.

आपला,
बैराम


बंदर अब्बास
२७ बहमन

उस्ता बैराम,

तुमचं पत्र वाचून मी धक्क्यावर जाऊन बसलो.

तिसऱ्यांदा विचारतोय. या.

यदुल्ला


तबरीझ
७ इस्फंद

परमआदरणीय उस्ता यदुल्ला यांस, बैरामचा सलाम.

आपण तिसऱ्यांदा विचारलंत, आता नाही म्हणणं उद्धटपणा होईल. येतो. वीस तारखेच्या सकाळी बस तिथे पोचते. अर्थात आपल्याला अडचण नसेल तर. जहाजाच्या कामाची गर्दी असेल तर माझी वाट बघू नये. मी येईनच असंही धरू नये, थंडीत रस्ते बंद होतात, आणि माणसाचा काय भरवसा. आलो तर दोन दिवस राहून परत फिरेन. आपली इच्छा असेल आणि मला लायक समजलात, तर पुढचं तिथेच बोलू. नाहीच जमलं, तर मी आलोच असं समजावं. आपल्या शब्दांनी मी पोचलोच आहे.

आपला अंकित,
बैराम


तबरीझ
२७ इस्फंद

आदरणीय उस्ता यदुल्ला यांस.

नवरोजच्या शुभेच्छा. नवं वर्ष आपल्याला आरोग्याचं जावो.

मी आलो होतो. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या 'बर्फ पडला'ला आपण फसत नाही, म्हणून लिहितो. वीस तारखेला बस वेळेवर पोचली. मी स्थानकाच्या दाराशी उभा राहिलो, म्हणजे आपल्याला शोधावं लागू नये. अंगात तबरीझचा कोट होता, तिथली मुलं माझ्याकडे बघून हसत होती. दुपारपर्यंत उभा होतो. मग वाटलं, आपल्याला काम असेल. माणसांना विचारत विचारत वर्कशॉपच्या फाटकापर्यंत आलो.

आतून मशीनचा आवाज येत होता. शेवटचा हात चालला होता, बारीक, एकसारखा, कुठे अडखळणं नाही. मग आपला आवाज ऐकला, आपण कोणाला तरी आपल्या भाषेत शिव्या घालत होतात आणि तो हसत होता. बरं वाटलं. रखवालदार म्हणाला, "कोणाला बोलावू?" मी म्हटलं, कोणाला नाही. बोलावणारा न्यायला आला नाही म्हणजे तिसरं बोलावणंही रीतीचंच होतं, आणि मी मूर्खासारखा ते खरं धरून आलो. अशा माणसाने हाक मारली तर समोरच्याने तोंड कुठे लपवायचं? आपल्याला त्या संकटात टाकावंसं वाटलं नाही.

आपल्यासाठी बदामाच्या कुराबिये बिस्किटांचा डबा आणला होता, तो रखवालदाराला दिला. समुद्र पाहिला. संध्याकाळच्या बसने परत आलो. आपला गाव छान आहे.

माझ्याकडून आपल्याला एवढा त्रास झाला, क्षमा असावी. यापुढे होणार नाही.

बैराम


सिरजान, बसस्थानक
५ फरवर्दीन १३७७

बैराम,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. दुपारी बसमध्ये बसलो. गाडी इथे डिझेलला थांबलीय, म्हणून मांडीवर कागद ठेवून लिहितोय. हे तुला माझ्यानंतर मिळेल, तरी लिहितोय, कारण शेजारी बसलेला माणूस घोरतोय आणि मला कोणाला तरी सांगायचंय.

वीस तारखेला मी मशीनवर होतो. तुझं पत्र वेळेत आलं होतं. मी ते झुबेरला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "मग न्यायला जाणार ना?" मी हुशारी दाखवली. म्हटलं, "तुला आमची माणसं माहीत नाहीत. हे बघ, 'आलो तर', 'जमलं तर', 'आलोच असं समजावं'. हे तबरीझचं 'नाही' आहे, नीट कपडे घालून आलेलं." मी तुझ्या 'येतो'मधून तुझे सगळे 'जर-तर' वजा केले. खाली काहीच उरलं नाही, म्हणून गेलो नाही. उलट मला राग आला होता. तिसऱ्यांदा बोलावलं तरी हा माणूस सरळ उत्तर देत नाही, म्हणून. ज्या पोराला मी शिव्या घालत होतो ना, त्याचा काही दोष नव्हता. त्या तुझ्या वाट्याच्या होत्या.

कुराबिये मी खाल्ले. रखवालदाराने सगळ्यांना वाटले, मी चार खाल्ले. छान होते. "कुठून आले?" एवढंसुद्धा विचारलं नाही. तू फाटकाबाहेर उन्हात कोट घालून उभा, आणि मी आत तोंडाला लागलेली साखर पुसतोय.

आज पत्र वाचून मी मशीन बंद केलं. हाजी म्हणाला, "जहाज धक्क्याला लागलंय. कोणी मेलंय का?" म्हटलं, नाही. "मग गेलास तर परत येऊ नकोस." मी खोलीची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. झुबेर स्थानकापर्यंत पोचवायला आला. त्याने न विचारता पिशवी उचलली. मला वाटतं त्याला समजलं. नोकरीचं पुढे काय, ते माहीत नाही. खरंच माहीत नाही; घाबरलोय थोडा.

अजून तेहरानला गाडी बदलायचीय. तुझं घर मी कधी पाहिलेलं नाही, पाकिटावरच्या पत्त्यावरून शोधीन. तू घरी असशील की नवरोज म्हणून मुलीकडे गेला असशील, तेही मला ठाऊक नाही. नसलास तर पायरीवर बसेन. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगेन, बैरामची वाट बघतोय, तो येईपर्यंत.

आणि असलास, तर "या, या, माझं भाग्य" असलं काही म्हणू नकोस. माझे पाय सुजलेले असतील, भूक लागलेली असेल, आणि एवढ्या लांबून आल्यावर मला दारात तीनदा नाही म्हणवणार नाही. काही बोलू नकोस. दार उघड, बाजूला हो आणि मला आत येऊ दे.

यदुल्ला